झोपलेल्या बाळाचे चित्र छापण्यापूर्वी : बेळगाव सीमाभागातील आरोग्य अधिकारी, संपादक आणि छपाई व्यावसायिकांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव जिल्ह्यातील आरोग्य खात्याचे आणि महिला व बालविकास खात्याचे अधिकारी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी व हुक्केरी भागातील प्रसूतिगृहांचे चालक. मराठी दैनिकांचे व पुरवण्यांचे संपादक. तसेच फ्लेक्स, छपाई आणि फोटो स्टुडिओ व्यावसायिक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातून वर्षाकाठी झोपलेल्या बाळाचे एखादे तरी चित्र लोकांपुढे जाते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताहाचे फलक लागतात, सप्टेंबरात पोषण माह येतो, १५ ते २१ नोव्हेंबर या काळात राष्ट्रीय नवजात शिशू सप्ताह पाळला जातो. त्याखेरीज प्रसूतिगृहांच्या जाहिराती, पुरवण्यांतील बालसंगोपनाचे लेख, लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानांच्या पाट्या आणि गल्लीच्या तोंडाशी लागणारे बारशाचे फ्लेक्स हे तर बारमाही चालूच असतात. या सगळ्यांवर जी बाळे झोपलेली दिसतात, त्यांतील माझ्या पाहण्यातली बहुतेक बाळे अशा रीतीने निजवलेली असतात की तशी ती कोणी आपल्या घरी निजवू नयेत. नवजात बालकांच्या कक्षात परिचारिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले आहे. आईला घरी पाठवताना जे तोंडाने सांगायचे, त्याच्या नेमके उलटे चित्र दवाखान्याच्या दारातच लटकलेले पाहण्याचा अनुभव मला पुष्कळदा आला, म्हणून हे पत्र.

एक नमुना सविस्तर सांगते. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण तसाच फलक दुसरीकडेही सापडेल. फलक कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत होता, मजकूर बालरोगतज्ज्ञांनी तपासलेला होता आणि त्यात बाळाला उताणे झोपवावे असे स्पष्ट लिहिलेले होते. त्या मजकुराच्या डाव्या बाजूला, फलकाचा निम्मा भाग व्यापून, एक परदेशी बाळ पांढऱ्या केसाळ गालिचावर पालथे झोपलेले होते. त्याचा एक गाल त्या केसांत अर्धा रुतलेला होता, डोक्यावर सशाच्या कानांची लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढलेली होती आणि नाकापासून चार बोटांवर कापसाचे अस्वल टेकवून ठेवलेले होते. मजकूर वाचायला फलकाजवळ जाऊन उभे राहावे लागत होते. चित्र मात्र रस्त्याच्या पलीकडून दिसत होते. बाटलीवर औषधाची एक मात्रा छापावी आणि चिठ्ठीवर दुसरी लिहावी, तसा हा प्रकार. दोन्हींत तफावत असली की माणूस जे आधी दिसते आणि मनात राहते तेच करतो.

आपल्या भागात चित्राचे वजन इतर ठिकाणांपेक्षा अधिक आहे आणि त्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. गरोदर बाईच्या हातात येणारे तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींचे कर्नाटकातील सरकारी कार्ड, कानडीत असते. सून निपाणीकडची असेल तर तिला ते कदाचित वाचता येईल, परंतु बाळाला तेल लावणारी, न्हाऊ घालणारी आणि कसे निजवायचे हे ठरवणारी तिची आई किंवा सासू मराठीच वाचते, किंवा काहीच वाचत नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून टिकून असल्यामुळे खानापूरची सून चंदगडला जाते आणि गडहिंग्लजची लेक बेळगावात नांदत असली तरी कळा यायच्या वेळी गडहिंग्लजलाच असते. अशा घरात कर्नाटकाचे कार्ड आणि महाराष्ट्राचे मराठी कार्ड एकाच फडताळात सापडते. दोन राज्यांच्या दोन लिप्या आणि तीन पिढ्यांच्या तीन सवयी यांच्यामध्ये सर्वांना एकसारखी वाचता येणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे चित्र. म्हणून मजकूर तीनदा तपासून चित्र मात्र ‘गोड आहे’ एवढ्यावर घेणे, हे आपल्याकडे विशेष महागात पडते.

आता मूळ विषयाकडे येते. वरवर निरोगी दिसणारे बाळ झोपेत अचानक दगावते आणि तपास करूनही कारण सापडत नाही, अशा मृत्यूला वैद्यकात सडन इन्फन्ट डेथ सिंड्रोम म्हणतात. पहिल्या वर्षातील या मृत्यूंपैकी बहुसंख्य पहिल्या सहा महिन्यांत होतात आणि सर्वाधिक धोका पहिल्या ते चौथ्या महिन्यांच्या दरम्यान असतो. पालथे झोपवण्याशी त्यांचा संबंध गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांतील अभ्यासांतून पुढे आला. १९९२ साली अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळांना पालथे न निजवण्याची शिफारस केली, १९९४ मध्ये तिथे ‘बॅक टू स्लीप’ ही देशव्यापी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या दहाएक वर्षांत अशा मृत्यूंचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. या मोहिमेत औषध नव्हते, लस नव्हती, यंत्र नव्हते. निजवण्याची स्थिती बदलणे, एवढेच घराघरांत पोचवायचे होते.

कारणही समजण्यासारखे आहे. मऊ गादीत किंवा गोधडीत नाक रुतले की बाळाने सोडलेलाच श्वास त्याच खळग्यात साचतो आणि पुन्हा आत ओढला जातो. प्राणवायू कमी होत जातो आणि कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. मोठे माणूस अशा वेळी चाळवते आणि मान फिरवते. तान्ह्या बाळांपैकी काहींची जाग येण्याची ही क्षमता अद्याप पुरती तयार झालेली नसते, आणि कोणत्या बाळाची झालेली नाही हे बाहेरून ओळखता येत नाही. पालथ्या स्थितीत अंगातील उष्णताही नीट बाहेर पडत नाही. कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना हा धोका अधिक असतो.

यावर घरोघरी येणारा आक्षेप एकच असतो : उताणे निजवले आणि दूध उलटले तर ते श्वासात जाईल. ही भीती खोटी म्हणून झटकून टाकू नये, पण चित्राने ती दूर करता येते. बाळ उताणे असताना श्वासनलिका वरच्या बाजूस आणि अन्ननलिका तिच्या खाली असते, त्यामुळे उलटून आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचे तर वर चढावे लागते. पालथ्या बाळात हाच क्रम उलटा होतो आणि वर आलेले दूध श्वासनलिकेच्या तोंडाशी जमण्याची शक्यता वाढते. दोन नळ्यांची ही साधी आकृती मी वहीच्या पाठीवर पेनाने काढून दाखवीत असे आणि तासभर वाद घालणाऱ्या आज्या त्यावर गप्प होत. आरोग्य खात्याच्या फलकावर बाळाच्या छायाचित्राशेजारी ही आकृती आली, तर लांबलचक मजकुराची गरज राहणार नाही. कुशीवर निजवून दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावण्याची पद्धत आपल्याकडे दवाखान्यांतही दिसते. कुशीवरचे बाळ सहज पालथे कलंडते, म्हणून झोपेसाठी तीही स्थिती शिफारशीत बसत नाही आणि चित्रातही नको.

चित्रे चुकण्याचा हा प्रश्न आपल्यापुरता नाही. २००९ साली ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तरुण स्त्रिया वाचतात अशा २८ अमेरिकी मासिकांतील बाळांची चित्रे पाहण्यात आली. झोपलेल्या बाळांपैकी एक तृतीयांशाहून अधिक बाळे चुकीच्या स्थितीत होती आणि झोपण्याच्या जागेची सुमारे दोन तृतीयांश चित्रे अकॅडमीच्या शिफारशींशी विसंगत होती. हे त्या देशात, मोहीम सुरू होऊन पंधरा वर्षे झाल्यानंतर. इंटरनेटवरून आपल्याकडे येणारी चित्रे याच प्रकारच्या साठ्यांतून येतात आणि आता संगणकाकडून बनवून घेतलेली चित्रेही त्याच साठ्यांवर शिकलेली असल्यामुळे ‘झोपलेले बाळ’ असे सांगितले की दुलई, उशी आणि अस्वल न मागता सोबत येतात.

चित्राने एवढे काय बिघडते, असे ज्यांना वाटेल त्यांनी आपलाच कायदा आठवावा. अर्भकांसाठीच्या दुधाच्या पर्यायांविषयी, दूधबाटल्यांविषयी आणि शिशुआहाराविषयी भारताने १९९२ साली कायदा केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला. त्यानुसार या वस्तूंची जाहिरात करता येत नाहीच, परंतु दुधाच्या पर्यायाच्या डब्यावर बाळाचे किंवा बाईचे चित्रसुद्धा छापता येत नाही. गुटगुटीत बाळाचे चित्र शब्दांवाचून शिफारस करते, हे या देशाच्या संसदेने तीस वर्षांपूर्वी मान्य केले आहे. तेच तत्त्व झोपेच्या चित्राला लावावे एवढेच माझे म्हणणे आहे. जाता जाता, उशीला टेकवलेली दूधबाटली तोंडात असलेले झोपाळू बाळ हे चित्र तर दोन्ही बाजूंनी बाद आहे : बाटलीचा प्रचार होतो आणि एकट्या बाळाच्या घशात दूध साचून ठसका लागण्याचा धोका आदर्श म्हणून मांडला जातो.

चित्र प्रत्यक्षात कसे निवडले जाते, हे मी छपाईच्या दुकानांत बसून पाहिले आहे. गिऱ्हाईक मॅटर व्हॉट्सॲपवर पाठवते, संध्याकाळपर्यंत फ्लेक्स हवा म्हणून घाई करते आणि बाळाचा फोटो ‘तुमच्याकडचाच टाका’ म्हणून सांगते. ऑपरेटर कोरलड्रॉ उघडतो, ‘बेबी’ नावाच्या फोल्डरमध्ये वर्षानुवर्षे साठलेल्या चित्रांतील ज्याची पार्श्वभूमी आधीच कापलेली आहे ते उचलतो, कारण ते मजकुरामागे पटकन बसते. पालथे बाळ आडव्या चौकटीत नीट मावते, त्याचा चेहरा समोरून दिसतो आणि कडा कापायला सोप्या जातात. म्हणजे चुकीचे चित्र निवडले जाण्यामागे कोणाचा हेतू नसतो, कामाची सोय असते. आणि म्हणूनच ऑपरेटरला दोष देण्याऐवजी त्याच्या फोल्डरमध्ये योग्य चित्रे आयती पोचवणे हाच त्यावरचा उपाय आहे.

योग्य चित्र ओळखण्यासाठी वैद्यकीय ज्ञान लागत नाही. बाळ उताणे आहे की नाही हे बाजूने घेतलेल्या फोटोत नीट कळत नाही, म्हणून कॅमेरा वरून किंवा किंचित तिरका असावा. अंथरूण सपाट आणि घट्ट असावे, म्हणजे बाळाच्या डोक्याभोवती खळगा पडलेला दिसू नये, आणि चादर ताणून खाली खोचलेली असावी. तोंड, नाक आणि कपाळ पूर्ण उघडे असावे. त्या अंथरुणावर बाळ आणि त्याच्या अंगावरचे बेताचे कपडे यांखेरीज काहीही नसावे : उशी नाही, लोड नाही, खेळणे नाही, सुटी दुलई नाही, पाळण्याच्या कडांना बांधलेली कापसाची झालरही नाही. अशा झालरी आणि दहा अंशांहून अधिक उताराची झोपाळी अमेरिकेने २०२२ मध्ये कायद्याने बंद केली. आपल्या बाजारात त्या अजून ‘बेबी सेट’ म्हणून सजवून विकल्या जातात आणि त्यांच्या जाहिरातींतील चित्रेच पुढे आरोग्यलेखांशेजारी येतात.

परदेशी चित्रे टाळावीत म्हटल्यावर इथल्या घरातील चित्र घ्यावे लागेल आणि तिथे काही गोष्टी बारकाईने पाहाव्या लागतील. पहिली मोहरीची उशी. डोके गोल व्हावे म्हणून ती कौतुकाने शिवून आणली जाते आणि बाळंतविड्याच्या फोटोत हमखास पुढे ठेवलेली असते. कोणत्याही उशीप्रमाणे तीही तान्ह्या बाळाच्या झोपेच्या जागी नको. डोके चपटे होण्याची काळजी असेल, तर बाळ जागे असताना त्याला देखरेखीखाली पोटावर ठेवणे आणि निजवताना डोक्याची दिशा बदलत राहणे हे उपाय आहेत. दुसरी कुंची. बारशाला ती असावीच, आमच्याही घरात आहे. पण नाडीने हनुवटीखाली बांधलेली कुंची झोपेत सरकून तोंडावर येते आणि नाडी गळ्याशी काचते, म्हणून समारंभातील कुंचीचे चित्र ‘बाळाची शांत झोप’ या मथळ्याखाली लावू नये. गळ्यातील काळा दोरा, ताईत आणि पाळण्याला बांधलेली लोंबती दोरी यांनाही हेच लागू आहे. मनगटात किंवा पायात वाळा असला तर त्याबद्दल माझी तक्रार नाही, आणि गालावरच्या तिटेबद्दल तर मुळीच नाही.

बेळगावच्या पावसाळ्यात आणि थंडीत बाळाला स्वेटर, मोजे, टोपी आणि वर दुपट्यांच्या दोन घड्या घालण्याचा मोह होतो, हे मला मान्य आहे. परंतु अंग अतितापणे हाही धोक्याचाच भाग असतो. आपल्याला त्या खोलीत जेवढे कपडे लागतात त्याहून एखादाच थर अधिक बाळाला पुरतो. जन्मानंतरच्या पहिल्या तासांतील टोपी, विशेषतः कमी वजनाच्या बाळाची, ही वेगळी बाब आहे. तो फोटो दवाखान्याचा आहे हे ओळीने सांगावे. मच्छरदाणी आपल्याकडे हवीच, कारण डेंग्यू दरवर्षी येतो. फक्त ती ताणलेली आणि बाळाच्या चेहऱ्यापासून दूर असावी. छत्रीसारखी उघडणारी, आत गुबगुबीत गादी, उशी आणि दोन लोड शिवलेली तयार मच्छरदाणी फोटोत घेण्याआधी तिच्यातील उशी-लोड काढून टाकावेत.

पाळण्याबद्दल गैरसमज नको. तळ सपाट असलेला, गादी कडेपर्यंत घट्ट बसणारा आणि दांड्यांमधील फटी सहा सेंटिमीटरांहून रुंद नसलेला लाकडी पाळणा आपल्या चित्रासाठी उत्तम आहे. साडीची झोळी तशी नाही. तिच्यात बाळाची पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. उसाच्या फडाच्या कडेला झाडाला झोळी बांधणाऱ्या बाईकडे दुसरा पर्याय नसतो, तिला शहाणपण शिकवणारे चित्र मला नको आहे. पण सुरक्षित झोपेचा आदर्श म्हणून झोळीतील बाळाचे भावुक छायाचित्र छापणेही नको. धुराचेही तसेच. निपाणीचा परिसर तंबाखूचा आणि विड्यांचा आहे, आणि बाळाभोवतीचा तंबाखूचा धूर हा झोपेतील मृत्यूचा एक ठळक धोका म्हणून सर्वत्र मान्य झालेला आहे. बाळ निजलेल्या खोलीत कोणी विडी ओढू नये हे चित्रातून सांगता येते. न्हाऊ घातल्यावर वेखंड-ओव्याची धुरी देतानाचे सुंदर, धूसर छायाचित्र मात्र पुरवणीच्या पहिल्या पानावर घेण्याआधी संपादकांनी दोनदा विचार करावा.

सर्वांत अवघड प्रश्न आईशेजारी झोपण्याचा. अकॅडमीची २०२२ ची शिफारस अशी आहे की बाळ निदान पहिले सहा महिने आईच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर झोपावे. आपल्याकडे बहुतेक घरांत बाळ आईच्या कुशीतच झोपते आणि रात्री दोन-तीनदा अंगावर पाजणाऱ्या आईला फलकावरून दटावून ते बदलणार नाही. माझे मत असे आहे की चित्रात आई आणि बाळ एकाच चौकटीत, हाताच्या अंतरावर दाखवावीत : आईची गादी, तिला लागून पण वेगळी अशी बाळाची पातळ, सपाट गादी किंवा शेजारी पाळणा, आणि आईची गोधडी बाळापर्यंत न पोचलेली. हे चित्र एका खोलीच्या घरातही खरे वाटते. सोफ्यावर पेंगणाऱ्या बापाच्या छातीवर पालथे झोपलेले बाळ हे सध्या फार आवडते झालेले चित्र मात्र पूर्णपणे वर्ज्य समजावे. सोफ्यावर किंवा मऊ खुर्चीत कोणासोबत झोपलेल्या बाळाच्या बाबतीत झोपेतील मृत्यूचा धोका ६७ पटींपर्यंत वाढतो, असे अकॅडमीने त्याच वर्षी सांगितले. बापाचे प्रेम दाखवायचेच असेल, तर तो बाळाला पाळण्यात उताणे ठेवतानाचा क्षण घ्यावा.

पालथ्या बाळाची दोन-तीन चित्रे योग्यही असतात आणि ती गाळली तर तोटाच होईल. कांगारू मातृसेवेत बाळ आईच्या उघड्या छातीवर उभे, मान एका बाजूला वळवलेले असते. तिथे आई जागी आणि किंचित रेललेली दिसायला हवी. जागेपणी पोटावर खेळणारे बाळ दाखवताना त्याचे डोळे उघडे असावेत आणि मोठ्या माणसाचा हात किंवा चेहरा चौकटीत असावा. अतिदक्षता विभागात काही बाळांना पालथे ठेवतात, परंतु तिथे त्यांच्या अंगाला यंत्रे जोडलेली असतात आणि नजर अखंड असते. त्या विभागाचा फोटो घरच्या झोपेविषयीच्या लेखाला लावू नये. बाळ आपले आपण पालथे होऊ आणि परत उताणे वळू लागले की झोपेत त्याला सारखे उलटवत बसण्याची गरज नसते. निजवताना मात्र उताणेच निजवावे.

फोटो स्टुडिओचालकांना एक वेगळी विनंती आहे. हनुवटीखाली दोन्ही हात घेऊन बेडकासारखे बसलेले, डोळे मिटलेले नवजात बाळ हा प्रकार आता बेळगावातही मागितला जातो. तो फोटो बहुधा दोन फोटो जोडून बनतो : एकात कोणी तरी बाळाचे डोके धरलेले असते, दुसऱ्यात मनगटे, आणि नंतर संगणकावर ते हात पुसून टाकले जातात. हे आपल्याला ठाऊक असते, फोटो पाहणाऱ्या आजीला नसते. टोपलीत, चंद्रकोरीत, केसाळ गालिचावर झोपलेल्या बाळाचे फोटो आईवडिलांच्या अल्बमसाठी काढायचे की नाही हे आपण आणि ते ठरवा. निदान ते दवाखान्याच्या भिंतीवर, दिनदर्शिकेवर किंवा आरोग्याच्या फलकावर वापरायला देऊ नका.

एका ले-आउट कलाकाराने मला सांगितले की रिकाम्या गादीवर उताणे बाळ फार कोरडे दिसते, पानाला शोभा येत नाही. मला हे पटत नाही. वटपत्रावर पहुडलेला, पायाचा अंगठा तोंडात घातलेला बाळमुकुंद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देवघरात आहे. तो उताणा आहे, एकटा आहे, त्याच्याजवळ उशी नाही की अस्वल नाही, आणि त्याला कोणी कोरडा म्हटलेले नाही. गोडवा हवा असेल तर बाळाच्या उघड्या मुठी घ्या, पाळण्याच्या कडेवर टेकलेला आईचा बांगड्यांचा हात घ्या, खिडकीतला उजेड घ्या.

एक सावधगिरी मजकुराची. ज्यांचे बाळ झोपेत गेले आहे अशी घरे याच गल्ल्यांत आहेत. तिथे ‘दूध नाकात गेले’, ‘अंगावर पडली असेल’, ‘दृष्ट लागली’ असे म्हणत आईवर आधीच बोट रोखलेले असते. या मृत्यूंचे मूळ कारण अजून पूर्ण उलगडलेले नाही. योग्य निजवण्याने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून लाल फुली मारलेले चुकीचे चित्र, निपचित बाळ किंवा रडणारी आई असे काहीही फलकावर नको. चुकीचे चित्र फुलीसह छापले तरी लांबून फुली दिसत नाही, बाळ दिसते. बरोबर तेवढेच छापावे.

या जिल्ह्याला हे अशक्य नाही. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणाऱ्या मिसोप्रोस्टॉल गोळीचा जो अभ्यास २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तो बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत, इथल्याच एएनएमच्या, म्हणजे प्रसूती करणाऱ्या साहाय्यक परिचारिकांच्या, हातून झाला होता. तेव्हा माझी मागणी अशी आहे की आरोग्य खात्याने बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली इथल्याच घरांत, पालकांच्या लेखी संमतीने, बाळांची नावे न देता, सुरक्षित झोपेच्या छायाचित्रांचा एक छोटा संच काढून घ्यावा : लाकडी पाळणा, आईशेजारची वेगळी गादी, ताणलेली मच्छरदाणी, जागेपणी पोटावरचे बाळ, आणि दोन नळ्यांची आकृती. तो संच मोठ्या आकारात, पार्श्वभूमी कापलेल्या आवृत्तीसह, फ्लेक्सच्या दुकानांना आणि वृत्तपत्रांना फुकट द्यावा. दवाखान्यात प्रसूती झालेल्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात; त्यांच्या हातात हीच चित्रे लॅमिनेट करून असावीत, म्हणजे रस्त्यावरचा फलक आणि घरातले बोलणे यांत फरक राहणार नाही. संपादकांनी जुन्या फायलींतील चित्रे चाळून चुकीची काढून टाकावीत आणि तोवर, योग्य चित्र हाताशी नसेल तर, लेख चित्राविना छापावा.

नवजात शिशू सप्ताहाचे साहित्य वेळेत छापून व्हायचे तर छायाचित्रणाचे काम गणपती झाल्यावर लगेच हाती घ्यावे लागेल. प्रूफ पाहून देण्याचे काम मी मोबदल्याशिवाय करीन आणि माझ्यासारख्या निवृत्त झालेल्या आणखी काही परिचारिका त्यासाठी तयार आहेत. फक्त चित्र आणि मजकूर एकाच पानावर बसवलेले प्रूफ पाठवावे. सुटेसुटे पाहिले की दोन्ही बरोबर वाटतात आणि चूक फलक टांगल्यावर कळते.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका
टिळकवाडी, बेळगाव